हंसीण कितव्या अंकात नाहीशी झाली?

तमाम मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, एर्ना नावाची एक हंसीण कित्येक वर्षांपासून बेपत्ता आहे. रंग पांढरा, बांधा भरलेला, डोळ्यांना चष्मा. शेवटची दिसली तेव्हा ती एका लहानशा जर्मन रेल्वे स्टेशनात तिकीट खिडकीमागे बसून, सुट्टे न आणणाऱ्या प्रवाशाला झापत होती. त्यानंतर ती कोणालाही दिसलेली नाही. या प्रकरणात ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका भल्या माणसाचा धंदा आणि माझी नोकरी जाता जाता राहिली. तेव्हा पुढचा मजकूर वाचताना कृपया कोणी हसू नये. मी हसते, पण मला परवानगी आहे.

एर्ना होती 'डर डाक्स' नावाच्या जर्मन चित्रकथांच्या मासिकात. जर्मनमध्ये 'डाक्स' म्हणजे बॅजर. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात मी जर्मन शिकले तेव्हा हा प्राणी काही अभ्यासक्रमात नव्हता. लग्न होऊन वेस्ट विंडसरला आले, नवरा संशोधनात बुडाला, आणि मी पेपरात 'जर्मन येणारी व्यक्ती पाहिजे' अशी जाहिरात वाचून मुलाखतीला गेले. तिथे भिंतीवर एका प्राण्याचं चित्र. डोक्यावर लाल टोपी, अंगात गणवेश, तोंडावर उभं गंध ओढल्यासारखे काळे-पांढरे पट्टे, आणि खाली नाव 'डाक्स'. डाक, टोपी, गणवेश! मी ठणकावून सांगितलं, "पोस्टमनचं मासिक काढलंत, फार छान कल्पना आहे."

"पोस्टमन?" वॉल्टर म्हणाला. हा माझा होणारा साहेब. "मला तर तो रॅकून वाटतो."

दोघांचंही चुकलं होतं. तो बॅजर होता आणि धंद्याने स्टेशनमास्तर होता. वॉल्टरचे आजोबा जर्मन, पण वॉल्टरला 'डांके', म्हणजे 'थँक यू', सोडून एक अक्षर येत नव्हतं. आजोबांनी सुरू केलेली एजन्सी तो इमानाने चालवत होता. आत काय छापलंय याची त्याने कधी चौकशी केली नाही.

एजन्सीचं काम बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. जर्मनीहून मासिकांचे गठ्ठे जहाजाने येणार, आम्ही ते सोडवून अमेरिकाभर पसरलेल्या जर्मन घरांत पाठवणार. विणकामाचं साप्ताहिक, शिकारीचं मासिक, शब्दकोडी, आणि पोरांसाठी, म्हणजे खरं तर आजोबांसाठी, 'डाक्स'. जहाज म्हणजे जहाज. नाताळचा अंक गुढीपाडव्याच्या सुमाराला पोचायचा आणि मग दिवसभर फोन. ओहायोतल्या एका पियानो शिकवणाऱ्या बाईंना विणकामाऐवजी सारखं शिकारीचं मासिक जायचं. मी दुरुस्त करायची, पुन्हा रानडुकरंच जायची. शेवटी त्या म्हणाल्या, "राहू द्या हो, आता मला बंदुकांतलं थोडं कळायला लागलंय." हे असं का होतं ते कोणाला उमगत नव्हतं. वॉल्टर पोस्टखात्याला शिव्या द्यायचा. मीही द्यायची.

बाकी माझी तिथे भलतीच कदर होती, आणि ती आकड्यांमुळे. जर्मन माणूस आकडा उलटा बोलतो. चौऱ्याहत्तर म्हणायचं तर 'चार आणि सत्तर' म्हणतो. माझ्या आधीची अमेरिकन मुलगी फोनवर हे ऐकून चार लिहायची, मग सात, आणि सत्तेचाळीस नंबरच्या ग्राहकाला चौऱ्याहत्तरचा गठ्ठा जायचा. आपल्याला त्यात काय विशेष? चौऱ्याहत्तर म्हणजे चार आधी, सत्तर नंतर. एक्याऐंशी, बत्तीस, सदुसष्ट, सगळे तसेच. मी जर्मन ऐकायची, मनातल्या मनात मराठीत म्हणायची आणि धडाधड लिहायची. वॉल्टर लोकांना सांगायचा, "आमची वॉश म्हणजे मशीन आहे." वॉश म्हणजे मी. वसुधाचं त्याने आधी वॉशुडा केलं आणि मग उरलेलंही वाळत घातलं.

एके दिवशी जर्मनीहून बातमी आली. 'डाक्स'च्या प्रकाशनाच्या फ्राऊ, म्हणजे मिसेस, लिंडनर अमेरिकेत येत होत्या. न्यूयॉर्कच्या एका बड्या वितरकाने 'डाक्स'ची एजन्सी मागितली होती. ती त्यांना द्यायची की वॉल्टरकडे ठेवायची, हे बाई स्वतः पाहून ठरवणार होत्या. आमची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं 'डाक्स'साठी बांधलेली. तो गेला की दुकान गेलं, आणि दुकानाबरोबर मी.

वॉल्टर पांढरा पडला. "वॉश, त्या रॅकूनबद्दल आपल्याला काय माहिती आहे?"

"बॅजर," मी म्हटलं. "आपण त्याच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवू. पहिल्या शंभर अंकांचा इतिहास. जर्मन क्लबचा हॉल घेऊ. बाई गहिवरल्या पाहिजेत."

गहिवर काढणं हा माझा हातखंडा. मंडळाच्या गणपतीत मी तीन नाटकं बसवली होती, त्यांतल्या एकात तर लोक रडलेही होते. ते विनोदी होतं, ही गोष्ट वेगळी.

आता इतिहास शोधायला बसले आणि माझं डोकं गरगरायला लागलं. एवढं ठाऊक होतं की मासिक युद्धानंतर निघालं, कागद मिळेना म्हणून सुरुवातीला तळहाताएवढं होतं, आणि तेव्हापासून अखंड चालू आहे. पुढे ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. बॅजरला टोपी पहिल्यापासून होती. छे, टोपी नंतर आली. मासिक पहिल्यापासून रंगीत होतं. कुठलं, आम्ही स्वतः खडूंनी रंगवायचो! आणि एर्ना? तिचं नाव काढलं की फोनवर पलीकडे आधी शांतता, मग स्फोट. एका अंकात ती तिकीट खिडकीत आहे, पुढच्या अंकात खुर्ची रिकामी. ना निरोप, ना खुलासा. ती दक्षिणेला उडून गेली. तिचं लग्न झालं. तिला नाताळात खाल्लं, असं म्हणणारा एक दुष्ट मनुष्य टेक्ससमध्ये होता.

हंसीण म्हटलं की आपल्याला सरस्वतीचं वाहन आठवतं. ही तसली सोज्ज्वळ नव्हती. ही बदकाची थोरली जाऊबाई. पण तिच्यासाठी साठी उलटलेले पुरुष फोनवर गहिवरताना मी ऐकलेत.

मग कोणीतरी हेर, म्हणजे जर्मन 'मिस्टर', केसलर यांचं नाव सुचवलं. पेनसिल्व्हेनियात बेकरी चालवून निवृत्त झालेले. पहिल्या अंकापासूनचे वाचक. त्यांचे सगळे अंक तळघरात पाणी शिरून लगदा झाले होते, पण इतिहास तोंडपाठ. मी फोन केला आणि नम्रपणे इंग्रजीत सुरुवात केली.

"'डाक्स'बद्दल मी इंग्रजीत बोलत नाही," ते म्हणाले. "बायकोशी सुद्धा बोललो नाही. ती आयरिश होती."

जर्मनमध्ये त्यांनी मला महत्त्वाचे अंक सांगितले. कुठल्या अंकात टोपी आली, कुठल्या अंकात पूल कोसळला, पहिला रंगीत अंक कोणता, आणि ज्यात एर्ना पहिल्यांदा नाही तो अंक कोणता. आमच्या धंद्यात नियम असा की ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा. मी प्रत्येक आकडा शुद्ध जर्मनमध्ये परत म्हणत होते, ते जर्मनमध्ये "या, या", म्हणजे "हो, हो", म्हणत होते, मी लिहीत होते. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

ते अंक ज्यांच्याकडे होते त्या ग्राहकांना गाठलं. एवढ्या जपून ठेवलेल्या वस्तू द्यायला कोण तयार होतो? एकाने अट घातली की वरचं प्लास्टिक काढायचं नाही. एकीने अंक स्वतःच्या उशीच्या अभ्र्यात घालून पाठवला. पार्सलं आली ती अगदी प्रदर्शनाच्या सकाळी. वॉल्टर ती परस्पर हॉलवर घेऊन गेला आणि मी लिहिलेल्या मोठ्या पाट्यांखाली आकडे जुळवून अंक टांगत बसला. मी घरी बटाटेवडे तळत होते. जर्मन लोकांना इतिहास द्यायचा तर तो रिकाम्या पोटी कशाला?

वड्यांची ताटं घेऊन मी आणि माझा नवरा श्रीकांत हॉलवर पोचलो. श्री सहज भिंतीकडे बघत म्हणाला, "अगं, ही तुझी हंसीण इथं आहे की!"

मी पाहिलं. पाटीवर माझ्या वळणदार अक्षरात: 'अंक ४९. एर्ना नाही! वाचकहो, ती रिकामी खुर्ची पाहा.' आणि खाली टांगलेल्या अंकाच्या मुखपृष्ठावर एर्ना. अख्ख्या पानभर. चोच उघडून हसत होती.

मी शेजारी पळाले. 'अंक १९. टोपीचे आगमन.' बॅजर बोडका. 'अंक ७९. पहिला संपूर्ण रंगीत अंक.' काळाकुट्ट.

"वॉल्टर! हे काय टांगलंयस?"

"तू लिहिलेले आकडे," वॉल्टर म्हणाला. "एकोणपन्नासच्या पाटीखाली एकोणपन्नास. बरोबर आहे ना?"

बरोबर होतं. तेच तर कळत नव्हतं. पूल कोसळायचा त्या अंकात पूल व्यवस्थित कोसळला होता. नव्याण्णवाव्या अंकात स्टेशनची शताब्दीची तयारी चालली होती, अगदी केसलर म्हणाले होते तशी. मग एवढ्या तिघांनीच का असं करावं? म्हातारा फसवा निघाला की काय?

"पाट्या काढून टाकू," मी म्हटलं.

"कॅन्सल करून टाक यार सगळं," श्री म्हणाला. "लोकांना म्हण, फक्त वडे आहेत."

आमची आठ वर्षांची ऋचा वडा खात म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ गूस."

तेवढ्यात दार उघडलं आणि फ्राऊ लिंडनर आत आल्या. उंच, करड्या केसांच्या, हातात चामड्याची बॅग. त्यांच्या मागे क्लबातली सगळी जर्मन मंडळी. पाट्या काढायला वेळ नव्हता. वॉल्टर माझ्याकडे असा बघत होता, जसा विंगेत उभा असलेला नट संवाद विसरल्यावर प्रॉम्प्टरकडे बघतो.

मग मी काय केलं? मी प्रवेश घेतला.

दारामागची खिडकी उघडायची काठी उचलली, घसा साफ केला आणि जर्मनमध्ये सुरुवात केली. "फ्राऊ लिंडनर, हे साधं प्रदर्शन नाही. इथे डोळ्यांना दिसतं त्यावर जाऊ नका. हा बॅजर पाहा. याच्या डोक्यावर टोपी दिसते का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"तीच तर गंमत! टोपी यायची आहे. त्याला ती जाणवते आहे. कपाळावरच्या आठ्या पाहा."

बाई वाकल्या आणि आठ्या पाहू लागल्या. क्लबातली मंडळीही वाकली. मला जोर चढला. काळ्या अंकापुढे मी सांगितलं की रंग आधी वाचकाच्या मनात येतो आणि नंतर छापखान्यात. एर्नापुढे तर मी आवाज खाली आणला. "सगळे म्हणतात ती दिसते आहे. पण ही एर्ना नव्हे. ही बॅजरची आठवण आहे. जी माणसं निघून जातात ती आपल्याला जास्त ठळक दिसतात. म्हणून ती पानभर आहे."

एका आजीबाईंनी रुमाल काढला. फ्राऊ लिंडनर हळूच म्हणाल्या, "मी हा अंक शंभर वेळा पाहिला असेल. असा कधी पाहिला नव्हता." वॉल्टरला जर्मन येत नव्हतं, पण रुमाल समजत होता. तो खुलला.

आणि दारातून आवाज आला, "हा काय मूर्खपणा आहे?"

टोपी हातात, कोटावर पीठ नसलं तरी असल्यासारखे पांढुरके, हेर केसलर. पुतण्याने त्यांना गाडीतून आणलं होतं. ते तरातरा भिंतीपाशी गेले आणि पाटीवर बोट आपटलं.

"एकोणपन्नास? मी एकोणपन्नास म्हणालोच नाही! मी म्हणालो, नॉयनउंडफ्युन्फत्सिग!"

"हो," मी म्हटलं. "नॉयनउंडफ्युन्फत्सिग. तेच मी परत म्हटलं."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहिलं की! नॉयन म्हणजे नऊ, फ्युन्फत्सिग म्हणजे पन्नास. नऊ आणि पन्नास. म्हणजे..." आणि माझ्या तोंडून मराठीत आलं, "एकोणपन्नास."

ते ऐकलं फक्त श्रीने. तो वड्यांच्या ताटावर ओणवा होऊन हसायला लागला. "अगं वेडे, नऊ आणि पन्नास म्हणजे एकोणसाठ!"

माझ्या डोक्यात ट्यूब पेटली ती अशी. आपले सगळे आकडे जर्मनांसारखे, पण नऊ आला की आपण पुढच्या दशकाची शेपटी धरतो. साठाला एक कमी, म्हणून एकोणसाठ. माझ्या कानांनी नऊ ऐकला, पन्नास ऐकला, आणि शाळेत घोकलेल्या जिभेने मनात जुळणी केली ती एकोणपन्नास. एकोणतीस अंकाचा एकोणीस झाला, एकोणनव्वदचा एकोणऐंशी. तोंड जर्मन बोलत राहिलं, हात मराठी लिहीत राहिला. आणि ओहायोच्या पियानोवाल्या बाई! त्यांचा ग्राहक क्रमांक नऊवर संपत होता. पोस्टखात्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग इलाजच नव्हता. फ्राऊ लिंडनरना सगळं खरं सांगावं लागलं. आठवणीची हंसीण, आठ्यांतली टोपी, सगळं मघाशी त्या दारात आल्यावर सुचलं होतं, हेही. क्लबाच्या फळ्यावर खडूने आकडे मांडून मी मराठीतले नऊ समजावले. ज्यांनी रुमाल काढला होता त्या आजीबाईंनी तो माझ्याकडे रागाने बघत परत ठेवला. वॉल्टर खुर्चीत बसला. त्याला कळलं एवढंच की मशीन बिघडलं होतं.

केसलर मात्र बाईंकडे वळले. "तिने आकडा चुकवला. तुम्ही तर हंसीणच चुकवलीत. कुठे गेली ती? इतकी वर्षं झाली, एक ओळ छापली नाहीत."

फ्राऊ लिंडनरनी हातातली बॅग टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "चित्रकाराचं आणि आमच्या मालकांचं भांडण झालं. वाटणी झाली. बॅजर आमच्याकडे राहिला, हंसीण तो घेऊन गेला. आम्हाला तिचं चित्र छापायचा हक्क उरला नाही, नाव घ्यायचाही नाही."

"आणि त्याने? त्याने पुढे काढली तिला?"

"नाही. तो बिस्किटांच्या डब्यांवर फुलं काढायचा. एर्ना त्याने पुन्हा कधीच काढली नाही."

केसलरनी हातातली टोपी उगाच फिरवली. "म्हणजे ती कोणाकडेच राहिली नाही," एवढंच म्हणाले आणि एकोणपन्नासाव्या अंकासमोर जाऊन उभे राहिले. खरं सांगते, तिथे एकोणसाठावा अंक टांगलेला असता तर त्यांच्यापुढे रिकामी खुर्ची आली असती. पण अशी बाजू मांडायला तेव्हा मला धीर झाला नाही, आणि नंतर केसलर भेटले नाहीत. ती एक रुखरुख राहिलीच.

एजन्सीचं काय झालं ते आता सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. ती वॉल्टरकडेच राहिली. बाई म्हणाल्या, न्यूयॉर्कच्या त्या बड्या लोकांनी त्यांना चकचकीत इमारत दाखवली, उत्तम जेवण घातलं, पण एर्ना कुठे गेली असं कोणी विचारलं नाही. इथे एक बाई तिच्याबद्दल धडधडीत खोटं बोलते आणि एक म्हातारा त्यावरून भांडायला दुसऱ्या राज्यातून येतो. अशा ठिकाणाहून मासिक काढून कसं न्यायचं? फक्त एक अट: फोनवरचे आकडे वॉशने घ्यायचे नाहीत. किंवा घेतले तर नऊ कोणीतरी तपासायचे.

बॅगेतून करार निघाला. वॉल्टरने सही केली. फ्राऊ लिंडनरनी पेन हातात घेतलं, टोक कागदाला टेकवलं आणि थांबल्या. त्यांची नजर फळ्यावर खिळली होती. एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ. ओठ हलत होते, डाव्या हाताची बोटं मोजत होती. श्रीच्या हातातला वडा अर्ध्या वाटेवर राहिला. बाईंनी पेन खाली ठेवलं, भिंतीवरच्या शेवटच्या पाटीकडे बोट केलं आणि त्या सभ्य, करड्या, इतका वेळ एकही शब्द चढ्या आवाजात न बोललेल्या बाई अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडल्या:

"अहो पण मग तुमचा नव्याण्णव बरोबर कसा काय आला?"